लहान स्केलच्या तयार युद्धनौका: माप, साल, धातू आणि कपाट

तांडेल:

विमानांच्या आणि रणगाड्यांच्या धाग्यांवर मधूनच जहाजांचे प्रश्न येतात आणि उत्तर मिळायच्या आत वाहून जातात. म्हणून हा वेगळा धागा. इथे फक्त तयार, रंगवून आलेल्या लहान युद्धनौका. किट जोडणाऱ्यांनी जरूर वाचावं, पण त्यांचे प्रश्न निराळे आहेत.

सुरुवात स्केलपासून, कारण संग्रह पन्नाशीच्या पुढे गेला की तो निर्णय फिरवता येत नाही. जपानची युद्धनौका यामातो २६३ मीटर लांब होती. ती १:७०० मध्ये ३७६ मिमी भरते, १:११०० मध्ये २३९, १:१२०० मध्ये २१९, १:१२५० मध्ये २१०, १:१८०० मध्ये १४६, १:२४०० मध्ये ११० आणि १:३००० मध्ये ८८. सगळे जण इथेच थांबतात आणि मोठ्या जहाजाकडे बघून स्केल ठरवतात. बघायचं असतं लहान जहाजाकडे. जर्मनांची टाइप सात-सी पाणबुडी ६७.१ मीटरची. ती १:७०० मध्ये ९६ मिमी, १:१२५० मध्ये ५४ आणि १:२४०० मध्ये जेमतेम २८. फ्लेचर वर्गातली विनाशिका (११४.८ मीटर) याच तीन स्केलमध्ये १६४, ९२ आणि ४८. पाणबुड्या आणि विनाशिका हाच ज्याचा जीव आहे त्याने १:२४०० च्या वाटेला जाऊ नये. पूर्ण ताफे मांडायचे असतील तर १:७०० नको, कारण ८० सेंमीच्या फळीवर एका रांगेत दोनच यामातो बसतात.

माझं मत: पाण्याच्या रेषेपासून वरचं, म्हणजे वॉटरलाइन मॉडेल हवं असेल, धातूचं हवं असेल आणि एकाच स्केलमध्ये पहिल्या महायुद्धापासून आजपर्यंतचं सगळं मिळायला हवं असेल, तर १:१२५० ला पर्याय नाही. नाविस हे नाव पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या जहाजांवर, नेप्टुन दुसऱ्या महायुद्धाच्या. हान्सा, अल्बाट्रॉस, जपानची कोनिशी असे बाकीचे उत्पादकही आहेत. प्लॅस्टिक आणि डायकास्ट (पोलादी साच्यात दाबाने भरलेला धातू) मिश्र हवं असेल तर ईगलमॉसची १:११०० मालिका (कंपनी २०२२ मध्ये बंद पडली) आणि फोर्सेस ऑफ व्हॅलरची १:७०० आहे. वॉर ॲट सी या खेळातल्या नौका (२००७ पासून) १:१८०० च्या. खेळातल्या म्हणून नाकं मुरडू नका, त्यातली काही लहान जहाजं दुसरीकडे कुठेच तयार मिळत नाहीत.

नवखा_नाविक:

१:१२०० आणि १:१२५० एकत्र ठेवले तर चालतात का? आणि दोन इतकी जवळची स्केल मुळात झालीच कशी?

तांडेल:

१:१२०० हे फूट-इंचवाल्यांचं स्केल: एक इंच म्हणजे बरोबर १०० फूट. १:२४०० म्हणजे एक इंचाला २०० फूट. १:१२५० जर्मनीतून आलं, व्हिकिंग या तिथल्या कंपनीच्या १९३० च्या दशकातल्या मॉडेलांमुळे रुळलं, आणि युरोपातले बहुतेक उत्पादक आजही तेच धरून आहेत. इंग्लंडची बॅसेट-लोक, युद्धकाळात अमेरिकन नौदलाने ओळख-प्रशिक्षणासाठी वापरलेली मॉडेलं आणि पुढची ट्राय-अँग मिनिक ही सगळी १:१२०० ची.

फरक ४ टक्क्यांचा. यामातोत तो ९ मिमी दिसतो, फ्लेचरमध्ये ४. वेगवेगळ्या वर्गांची जहाजं असतील तर डोळ्याला कळत नाही. एकाच वर्गाची दोन भावंडं दोन स्केलमध्ये शेजारी ठेवली की मात्र लगेच खटकतं. त्यामुळे मिसळायचंच असेल तर देश किंवा वर्ग पाहून मिसळा: ब्रिटिश क्रूझर सगळ्या १:१२००, जपानी सगळ्या १:१२५०, असं.

निळीशाई:

खोक्यावरच्या स्केलवर विश्वास ठेवू नका, एवढी भर घालते. बऱ्याच स्वस्त मालिकांत स्केल नसतंच, खोक्याच्या लांबीला बसेल तेवढं जहाज असतं. पाणबुडी आणि विमानवाहू नौका दोन्ही २० सेंमीच्या निघाल्या की समजून घ्यायचं.

तपासायची रीत सोपी आहे. व्हर्नियर कॅलिपरने पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत एकूण लांबी मोजा. खरी एकूण लांबी (पाण्याच्या रेषेवरची नाही, तो घोळ नेहमी होतो) मिलिमीटरमध्ये घ्या आणि भागा. जर्मन युद्धनौका बिस्मार्क २५१ मीटर: मॉडेल २०१ मिमी भरलं तर १:१२५०, २२८ भरलं तर १:११००. मग रुंदी मोजा. बिस्मार्कची ३६ मीटर, म्हणजे १:१२५० मध्ये २८.८ मिमी. लांबीवरून ११०० आणि रुंदीवरून ९५० येत असेल तर मॉडेल फुगवलेलं आहे. स्वस्त मालात हे मुद्दाम करतात, कारण अरुंद हल (जहाजाचं धड) साच्यातून काढताना वाकतो आणि वरचं बांधकाम बसवायला जागा उरत नाही. विनाशिकांत हा दोष सगळ्यात जास्त.

तोफांच्या नळ्यांची जाडी मात्र दोषात धरू नका. १२७ मिमीची तोफ १:१२५० मध्ये ०.१ मिमी होते. धातू ओतून तेवढी बारीक नळी निघत नाही. ०.४-०.५ मिमी निघाली तर ते चांगलं काम.

अरुंधती:

स्केलइतकाच महत्त्वाचा मुद्दा राहिला: साल. जहाज वीस-तीस वर्षं चालतं आणि दर गोदीफेरीत बदलतं. विकत घेताना "मिसूरी आहे का" असं विचारू नये, "कोणत्या सालची मिसूरी" असं विचारावं. तयार मॉडेलांत सर्वांत जास्त चुका इथेच आहेत, आणि त्या भिंग न लावता दिसतात.

यामातो: १९४१ च्या रूपात १५५ मिमीच्या तिहेरी नळ्यांचे चार टरेट (तोफांचे फिरते बुरुज) आहेत. त्यांतले दोन्ही बाजूंचे दोन १९४४ च्या सुरुवातीला काढले आणि तिथे १२७ मिमीच्या जोडतोफा आल्या. त्यांची संख्या ६ वरून १२ जोड्या झाली. खोक्यावर १९४५ आणि बाजूला टरेट शाबूत, असं मॉडेल सर्रास दिसतं.

मुसाशी (यामातोच्याच वर्गातली): हिच्याही बाजूचे टरेट काढले, पण १२७ मिमीच्या तोफा उपलब्ध नव्हत्या, म्हणून तिथे २५ मिमीच्या विमानवेधी तोफा बसवल्या. २४ ऑक्टोबर १९४४ ला ती बुडाली तेव्हा तिच्यावर १२७ मिमीच्या सहाच जोड्या होत्या. यामातोच्याच साच्यावर मुसाशीचं नाव छापलेलं मॉडेल असं ओळखायचं.

हूड (ब्रिटिश): ५.५ इंची तोफा १९४० मध्ये निघाल्या आणि ४ इंची जोडतोफांचे सात माउंट राहिले. डेकच्या कडेला एकेरी तोफा दिसत असतील तर ती १९४० च्या बदलाआधीची हूड. तिला १९४१ च्या बिस्मार्कसमोर मांडू नये.

आयोवा वर्ग (अमेरिकन, मिसूरी यातलीच): दुसऱ्या महायुद्धात ५ इंची जोडतोफांचे १० टरेट, म्हणजे प्रत्येक बाजूला पाच. १९८० च्या दशकातल्या नूतनीकरणात बाजूला तीनच उरले आणि टॉमहॉक, हार्पून ही क्षेपणास्त्रं आणि फॅलँक्स तोफा आल्या. बाजूला तीन टरेट आणि खोक्यावर १९४५ असेल तर सोडून द्या.

आणखी एक: युद्धकाळात अमेरिकन नौदलाने लाकडी डेकवर निळा रंग चढवला होता. १९४४-४५ च्या अमेरिकन युद्धनौकेला पिवळसर सागवानी डेक दिलेला असेल तर रंगवणाऱ्याने संग्रहालयातल्या आजच्या जहाजाचा फोटो बघून काम केलंय.

खलाशी_कोरडा:

अरुंधतीताई, बिस्मार्कच्या पट्ट्यांचं पण सांगा. दहातली आठ मॉडेलं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची येतात.

अरुंधती:

ते बाल्टिक समुद्रातलं रूप. पट्टे २१ मे १९४१ ला बेर्गनजवळच्या फ्योर्डमध्ये नांगरलेलं असताना राखाडी रंगाने झाकले. २४ मेची डेन्मार्क सामुद्रधुनीतली लढाई आणि २७ मेचा शेवट, दोन्ही वेळी बाजू राखाडीच होती. पट्ट्यांचं मॉडेल चुकीचं नाही, फक्त त्याच्या चिठ्ठीवर "मे १९४१ ची सुरुवात" लिहा आणि लढाईच्या मांडणीत वापरू नका. बिस्मार्कच्याच वर्गातल्या टिरपिट्झच्या नावाने विकलेलं मॉडेल खरंच टिरपिट्झ आहे का, हे बघायचं तर मध्यभागी दोन्ही बाजूंना चौपदरी टॉर्पेडो नळ्या शोधा. बिस्मार्कवर त्या नव्हत्या.

जर्मन उत्पादकांच्या मॉडेलांत डेकवरचं स्वस्तिक बहुधा नसतं, फक्त पांढरं वर्तुळ असतं किंवा तेही नाही. तिथल्या दंडसंहितेच्या कलम ८६ अ मुळे. "डिकॅल (चिकटवायचं छापील चित्र) गळालं" असं समजून परत पाठवू नका.

नवखा_नाविक:

हे फार उपयोगी. आता धातूबद्दल. विक्रेता "मेटल" एवढंच लिहितो. त्यातून काय समजायचं?

तांडेल:

काहीच नाही. तीन धातू वेगळे काढायला शिका, कारण तिघांचे रोग वेगळे.

एक, शिशाचं व्हाइट मेटल: शिसं, कथील आणि अँटिमनी यांचं मिश्रण. रबराच्या साच्यात फिरवून ओततात. जुनी संग्राहक-मॉडेलं बहुतेक याचीच. दोन, बिनशिशाचं प्यूटर: कथील, अँटिमनी, तांबं. नवीन उत्पादक इकडे वळलेत. तीन, झामाक: जस्त आणि साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम. पोलादी साच्यात दाबाने भरतात. खेळण्यांतल्या डिंकी नौका, ट्राय-अँग, युद्धापूर्वीची व्हिकिंग आणि आजच्या मासिकांसोबत येणाऱ्या मालिकांचे हल याचे.

ओळखायला लोहचुंबक निरुपयोगी, तिन्ही त्याला दाद देत नाहीत. तळाची न रंगवलेली बाजू पांढऱ्या कागदावर हलकेच ओढा. पेन्सिलसारखी राखाडी रेघ उठली तर शिसं भरपूर आहे. प्यूटरची रेघ जवळजवळ उठत नाही. झामाक कडक असतं, टिचकी मारली तर खणखणतं, आणि तळाशी साच्यातून आलेली ठळक अक्षरं-आकडे असतात.

रबरी साच्याबद्दल एक गोष्ट: तो झिजतो. एकाच कॅटलॉग क्रमांकाच्या दोन मॉडेलांत सुरुवातीच्या ओतीवाचं रेलिंग, बोटी, पंखे धारदार असतात आणि शेवटच्याचे विरघळल्यासारखे. विकत घेताना बाजूने नाही, वरून काढलेला फोटो मागा. आणि बनावट प्रत ओळखायची तर लांबी मोजा. खऱ्या मॉडेलवरून साचा करून ओतलेली नक्कल आकुंचनामुळे मूळपेक्षा आखूड भरते आणि तपशीलही मऊ असतो.

सुकाणू:

तांडेलनी रोगांचा उल्लेख केला आणि पुढे गेले, म्हणून लिहितो. दोन रोग आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

जस्ताचा रोग. झामाकमध्ये शिसं, कॅडमियम किंवा कथील अत्यल्प प्रमाणाबाहेर गेलं (शिशाची मर्यादा ०.००५ टक्क्यांच्या आसपास धरतात) तर धातूच्या कणांच्या सीमांवर गंज सुरू होतो. आधी केसाएवढी चीर, मग रंगाला फोड, हल वाकतो, लांबी वाढते, शेवटी तुकडे. हा दोष ओततानाच आत गेलेला असतो. उपाय नाही. उष्णता आणि दमटपणा यांनी वेग वाढतो, कोरड्या थंड जागी कमी होतो, एवढंच हातात. शेजारच्या मॉडेलला तो लागत नाही. "संसर्ग होतो" ही समजूत सोडा. १९३४ पासूनच्या डिंकी नौका (१:१८००, ५० क्रमांकाचा संच) आणि युद्धापूर्वीची इतर जस्ताची मॉडेलं घेताना टॉर्चचा उजेड हलवर तिरपा पाडून चिरा शोधा, आणि शक्य असेल तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या नगाशी लांबी ताडा. फुगलेलं मॉडेल लांब भरतं. आत चीर असलेल्या मॉडेलला सुपरग्लू भरून विकतात, तेही बघा.

शिशाचा रोग. हा बाहेरून येतो आणि म्हणून टाळता येतो. ॲसिटिक किंवा फॉर्मिक आम्लाची वाफ, दमट हवा आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र आले की शिशावर पांढरी पूड येते: बेसिक लेड कार्बोनेट. यातली वाईट बाब ही की ही पूड तयार होताना आम्ल पुन्हा मोकळं होतं आणि पुढचं शिसं खातं. म्हणून एकदा सुरू झालं की नुसतं पुसून थांबत नाही, हवा बदलावी लागते. सुरुवात नेहमी बारीक भागांत: डोलकाठ्या, तोफांच्या नळ्या, रंग पोचला नाही असा तळ.

आम्ल येतं कुठून? कपाटातून. ओक, प्लायवूड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड, ताजा तेलरंग, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सीलंट, साधा पुठ्ठा. हौसेने ओकचं काचबंद, रबरी पट्टीने हवाबंद कपाट करून घेणारे लोक आपल्या शिशाच्या मॉडेलांसाठी मुरंब्याची बरणी तयार करतात. आत जे आहे ते मुरणारच.

खलाशी_कोरडा:

मग ठेवायचं कशात? धूळ पण नको आणि हवाबंद पण नको.

सुकाणू:

काच आणि पावडर-कोटिंग केलेलं धातूचं कपाट, किंवा ॲक्रिलिकची पेटी. सांधायला न्यूट्रल-क्युअर सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरचा वास नसतो. लाकडी कपाट आधीच असेल तर फळ्यांवर ॲक्रिलिकची शीट टाका, म्हणजे मॉडेल लाकडाला टेकणार नाही. मागच्या बाजूला वर आणि खाली बारीक जाळी लावलेली दोन छिद्रं ठेवा, आणि आत ॲक्टिव्हेटेड चारकोलच्या पिशव्या. चारकोल आम्लाची वाफ शोषतो. सिलिका जेल पाणी शोषतं, आम्लासाठी तेवढं पुरत नाही. दोन्हींची कामं वेगळी.

साधा डिजिटल आर्द्रतामापक आत ठेवा. शिशासाठी ५० टक्क्यांच्या खाली राहिलं तर बरं.

नवीन फळी, कापड, रंग वापरण्याआधी तपासायची पद्धत संग्रहालयांतून आली आहे. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये मांडली: नमुना, थोडं पाणी आणि चांदी, शिसं, तांबं यांचे चकाकते तुकडे बंद काचेत ६० अंश सेल्सियसला २८ दिवस ठेवायचे. घरी शिशाचा एकच तुकडा पुरे. मासेमारीचं शिशाचं वजन सँडपेपरने घासून चकचकीत करा, काचेच्या बरणीत नमुन्याशेजारी ठेवा (टेकवू नका), एका छोट्या बाटलीत पाणी ठेवा, झाकण घट्ट लावा आणि उबदार जागी महिनाभर सोडा. सोबत नमुना नसलेली दुसरी तशीच बरणी ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? पहिल्या बरणीतलं शिसं पांढरं पडलं तर ती वस्तू कपाटात नको.

निळीशाई:

पूड आलेलं मॉडेल हाताळताना मात्र जपा, ते शिशाचं संयुग आहे. फुंकर मारू नये, कोरड्या ब्रशने झाडू नये. नायट्राइलचे हातमोजे, मास्क, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओला केलेला कापसाचा बोळा. अल्कोहोल ॲक्रिलिक रंग उचलतो, म्हणून आधी तळाशी एका ठिपक्यावर पाहा. बोळे पिशवीत बांधून टाका. पूड पुसल्यावर उघड्या धातूवर पातळ ॲक्रिलिक वार्निश. लहान मुलांच्या हाताला लागेल अशी जागा नकोच.

नवखा_नाविक:

थंडीत कथील पूड होतं असंही वाचलं. प्यूटरला ते लागू आहे का?

सुकाणू:

शुद्ध कथील १३.२ अंशांखाली हळूहळू राखाडी रूपात जाऊ शकतं, पण अँटिमनी किंवा बिस्मथ थोडं जरी असलं तरी ते रोखलं जातं. मॉडेलच्या प्यूटरमध्ये अँटिमनी असतंच. ही काळजी यादीतून काढा.

अरुंधती:

धूळ. कॅमेऱ्याचा रबरी फुंकणा आणि मेकअपचा सर्वांत मऊ ब्रश, एवढ्यावर काम भागतं. ब्रश नेहमी पुढच्या टोकाकडून मागे, डोलकाठ्यांच्या बाजूने, त्यांना आडवा कधीच नाही. दाबलेल्या हवेचे डबे वापरू नका: डबा तिरका झाला की द्रव बाहेर येतो, रंग गोठवून उचलतो, आणि जोर इतका असतो की लाइफबोटी उडतात. उडालेली १:१२५० ची लाइफबोट गालिच्यात शोधणं हा स्वतंत्र छंद आहे.

प्लॅस्टिकच्या, विशेषतः मऊ पीव्हीसीच्या मॉडेलांची गोष्ट वेगळी. ते जुने झाले की चिकट होतात, कारण आतलं प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारं रसायन) वर येतं. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून पुसा, पूर्ण वाळवा. पॉलिस्टायरीनच्या पारदर्शक खोक्यात वर्षानुवर्षं टेकवून ठेवू नका. प्लॅस्टिसायझर खोक्यात उतरतं आणि दोन्ही एकमेकांना चिकटतात. खाली पॉलिइथिलीनची शीट घाला. पिवळ्या पॉलियुरेथेन फोमच्या खाचेत ठेवलेली मॉडेलं आजच बाहेर काढा. तो फोम भुगा होतो आणि रंगाला डांबरासारखा धरतो.

खलाशी_कोरडा:

वाकलेल्या नळ्या सरळ कशा करायच्या? माझ्याकडच्या १:१८०० वाल्यांच्या सगळ्या तोफा खाली मान घालून आहेत.

तांडेल:

मऊ प्लॅस्टिक असेल तर सोपं. ६०-७० अंशांचं पाणी, चिमट्याने धरून फक्त टरेटचा भाग काही सेकंद बुडवायचा, नळ्या सरळ धरायच्या, आणि तसंच बर्फाच्या पाण्यात. उकळतं पाणी नको, डिंक सुटतो आणि डिकॅल सुरकुततात. काही महिन्यांनी थोडं परत वाकतं, कारण प्लॅस्टिक साच्यातून निघतानाचा आकार लक्षात ठेवतं. पुन्हा करा.

शिशाच्या नळीला एकच संधी असते. बोटाने नाही, सपाट तोंडाच्या चिमट्याने मुळाशी धरून एकाच हालचालीत सरळ करा. पुढे-मागे केलंत तर तिसऱ्या वाकवणीला तुटते. तुटली तर:

उरलेला खुंट चपटा करा, सुईने मध्ये खूण करा. पिन-व्हाइसमध्ये (हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलधारकात) ०.४ मिमीचा ड्रिल लावा, बोटांनी फिरवत १ मिमी खोल जा. मऊ धातू ड्रिलला चिकटतो आणि ड्रिल मोडतो, म्हणून मध्येच उलटं फिरवून भुसा काढा आणि साबणाच्या पाण्याचा थेंब लावा. मग ०.४ मिमीची पितळी तार. लांबी त्याच टरेटमधल्या शाबूत नळीवरून घ्या, पुस्तकातल्या आकड्यावरून नाही. यामातोची ४६ सेंमीची तोफ २१.१ मीटर लांब असली तरी तिचा बराच भाग टरेटच्या आत असतो. सुपरग्लू जेलचा, सुईच्या टोकाएवढा. पातळ सुपरग्लू नको, तो तारेवर चढतो आणि त्याची वाफ आजूबाजूच्या रंगावर पांढरं सावट सोडते. जोडल्यावर मॉडेल एक दिवस उघड्यावर राहू द्या, लगेच कपाटात बंद केलं तर ते सावट काचेवरही येतं.

खलाशी_कोरडा:

सुटलेले धुराडे, लाइफबोटी यांना पांढरा गोंद चालेल ना? नंतर काढता येतो म्हणून विचारतो.

सुकाणू:

प्लॅस्टिकला खुशाल. शिशाच्या मॉडेलला नाही: पांढरा गोंद म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, तो स्वतःच ॲसिटिक आम्ल सोडतो. थेंबभर गोंदाने जहाज संपणार नाही, पण बंद पेटीत वीस जहाजांना वीस थेंब लावून वर चारकोल घालण्यात अर्थ काय? ॲक्रिलिक मीडियम वापरा, तेही काढता येतं. भार पेलायचा असेल तर इपॉक्सी.

निळीशाई:

+१. आणि सोल्डर करून जोडायचा मोह आवरा. ७० अंशांना वितळणारं सोल्डर असतं हे खरं, पण रंगवलेल्या मॉडेलवर उष्णतेने रंग जातो, आणि साधं सोल्डरिंग आयर्न लावलंत तर विनाशिकेचा अर्धा डेक थेंब होऊन पडेल.

नवखा_नाविक:

जुनं, रंग उडालेलं मॉडेल घेऊन पुन्हा रंगवावं की तसंच ठेवावं?

अरुंधती:

कारखान्यात रंगवलेलं जुनं मॉडेल (युद्धापूर्वीचं व्हिकिंग, ओळख-प्रशिक्षणाची मॉडेलं, ट्राय-अँग) तसंच ठेवा. त्याची किंमत त्या रंगातच आहे, सुंदर रंगवलंत तर संग्राहक दूर पळतात. आधीच कोणीतरी घरी रंगवलेलं असेल तर हवं ते करा.

तांडेल:

अर्धवट सहमत. ओळख-प्रशिक्षणाची मॉडेलं मुळात एकरंगी राखाडी असतात. कोणी त्यावर छलावरण चढवलं असेल आणि खाली मूळ रंग शिल्लक असेल, तर वरचा थर काढायला घेऊ नका. दोन्ही एकदम जातात. तसंच राहू द्या आणि नोंदीत लिहा.

ट्राय-अँगच्या बाबतीत प्लॅस्टिकच्या डोलकाठ्या बघा. त्या सुटतात, हरवतात आणि नंतर नव्या बनवून लावतात. नवी काठी लावण्यात गैर नाही, न सांगता "मूळ" म्हणून विकण्यात आहे. फोटोत काठीचा चकाकी-फरक आणि बुडाशी डिंकाचा वेढा दिसतो.

सुकाणू:

नोंदीचा विषय निघाला म्हणून: प्रत्येक मॉडेलची एक ओळ. जहाज, कोणत्या सालचं रूप, उत्पादक, कॅटलॉग क्रमांक, मोजलेली लांबी, धातू, ग्रॅममध्ये वजन, दुरुस्ती. लांबी दर वर्षी पुन्हा मोजा. जस्ताच्या मॉडेलची ०.३ मिमीने वाढली की चीर दिसण्याआधीच कळतं. तळावर स्टिकर चिकटवू नका, क्रमांकाची चिठ्ठी मॉडेलखाली सुटी ठेवा.

खलाशी_कोरडा:

शेवटचं एक. कुरियरने मॉडेल मागवताना पॅकिंगबद्दल विक्रेत्याला नेमकं काय सांगायचं? "नीट पॅक करा" म्हटलं की बबलरॅपचा गोळा येतो.

निळीशाई:

बबलरॅप मॉडेलला लागायलाच नको. त्याचे फुगे डोलकाठ्यांना धरतात आणि उलगडताना त्या घेऊन येतात. असं सांगा: मॉडेलपेक्षा दोन्ही बाजूंनी ३ सेंमी मोठा जाड प्लॅस्टिकचा तुकडा. त्यावर मॉडेल ठेवून हलच्या फक्त दोन जागी, पुढच्या टरेटच्या पुढे आणि मागच्याच्या मागे, पातळ फिल्मची पट्टी डेकवरून घेऊन खाली चिकटवायची. धुराडं, काठी, नळी यांना काही शिवता कामा नये. हा तुकडा कडक छोट्या खोक्यात असा बसवायचा की वर १ सेंमी मोकळी हवा राहील, आणि हलवून पाहिलं तर आवाज येता कामा नये. मग ते खोकं मोठ्या खोक्यात, सगळीकडून ५ सेंमी भरण घालून. पुठ्ठ्याच्या खोक्यात आलेलं शिशाचं मॉडेल आल्या दिवशी बाहेर काढा, "खोक्यासकट जपतो" म्हणून तिथेच ठेवू नका.

नवखा_नाविक:

आणि मूळ खोकी? ती जपायची असतात ना?

निळीशाई:

जपा, पण रिकामी, दुसऱ्या कपाटात. मॉडेल आत नको.

खलाशी_कोरडा:

सिलिका जेल कधी बदलायचं ते राहिलं. माझं नारंगी आहे.

सुकाणू:

गडद हिरवं झालं की पाणी भरलं. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांना दोन-तीन तास, ताटात एका थरात पसरून, पुन्हा नारंगी होईपर्यंत. निळं-गुलाबी वापरत असाल तर त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको. चारकोल असा परत येत नाही, तो बदलायचा. आणि पंधरवड्यात हिरवं होत असेल तर जेल वाढवण्याआधी कपाटाची फट शोधा.